पाण्याच्या धारेवर प्रक्षेप्य गती: वेग आणि कोन यांचा प्रयोग न चुकता कसा करावा

प्रक्षेप्य म्हणजे हवेत सोडलेली, पुढे फक्त गुरुत्वाच्या ओढीने जाणारी वस्तू. विज्ञान प्रदर्शनात आणि अकरावीच्या प्रात्यक्षिकात तिच्या गतीची ठरलेली मांडणी असते. रबराची गलोल किंवा स्प्रिंगची छोटी तोफ घ्यायची, कोन बदलत गोळी सोडायची आणि शेवटी ‘४५ अंशांना पल्ला सर्वाधिक’ असे लिहायचे. वहीतले आकडे मात्र वेगळेच बोलत असतात. ३० आणि ६० अंशांचे पल्ले सारखे यायला हवेत, ते येत नाहीत. कुणाचा कमाल पल्ला ३८ अंशांना येतो, कुणाचा ४२ ला. मग आकडे ‘बसवले’ जातात, आणि प्रयोगातून शिकण्यासारखे जे होते तेच निसटते.

गडबडीची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. पहिले असे, की कोन बदलताना वेगही नकळत बदलतो. हाताने ओढलेले रबर दर वेळी सारखे ताणले जात नाही. स्प्रिंगच्या नळीत कोन जितका उभा, तितकी स्प्रिंगची ऊर्जा गोळी वर चढवण्यातच खर्ची पडते. दुसरे असे, की गोळी टेबलावरून सुटते आणि जमिनीवर पडते, पण सूत्र मात्र सारख्या पातळीचे वापरले जाते.

ठराविक उंचीच्या पाण्यावर चालणारी बारीक धार वापरली की दोन्ही अडचणी सुटतात. धारेतला प्रत्येक थेंब हा स्वतंत्र प्रक्षेप्य असतो. तोटीचे टोक जागचे हलले नाही, तर कोन कोणताही असो, थेंब त्याच वेगाने बाहेर पडतो. शिवाय सगळा मार्ग एकदम डोळ्यांसमोर उभा राहतो, त्यामुळे धावत्या गोळीमागे नजर पळवावी लागत नाही.

पुढे तीन शब्द वारंवार येतील. दाबउंची म्हणजे तोटीच्या टोकापासून बादलीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे उभे अंतर. पल्ला म्हणजे टोकापासून निघून धार पुन्हा टोकाच्याच पातळीला येईपर्यंतचे आडवे अंतर. कोन नेहमी आडव्या रेषेपासून मोजायचा.

## टप्पा १: सामान

- २० लिटरची बादली. आत, काठापासून ४ सेंमी खाली पक्क्या मार्करने रेघ मारा.
- अर्धा इंची पारदर्शक प्लॅस्टिक पाइप, ४ मीटर. पारदर्शकच हवा, कारण आत अडकलेली हवा दिसायला हवी.
- ५ मिलीची नवी सिरिंज, सुई आणि दट्ट्या काढून. तिचे चोच असलेले टोक हीच आपली तोटी. चोच मध्यभागी असलेली निवडा, कडेला असलेली नको.
- सुमारे ३० × ३० सेंमी प्लायची फळी, मोठा कोनमापक किंवा कागदावर काढलेले ९० अंशांचे वर्तुळखंड, बारीक खिळे.
- ओळंबा. गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालेल.
- गवंडी वापरतात तशी नायलॉनची लाइनदोरी, २ मीटर.
- दोन सरळ काठ्या, प्रत्येकी दीड मीटरच्या आसपास.
- मेजर टेप, गुण्या, टेफ्लॉन टेप, पाइप दाबून बंद करायला क्लिप.
- धार झेलायला मोठे टब किंवा घमेले, आणि एक मग.

सलाइनची नळी पाइप म्हणून वापरू नका. ती इतकी बारीक असते की दाबाचा मोठा भाग नळीतल्या घर्षणातच जिरतो. पाइप जाड आणि तोटी बारीक, हाच मेळ हवा. सिरिंजच्या चोचीचे छिद्र साधारण २ मिमीचे असते. त्यातून मिनिटाला सुमारे ६५० मिली पाणी जाते. जाड पाइपमधून तेच पाणी इतके संथ सरकते की ४ मीटर लांबीतही घर्षणापायी १ सेंमीपेक्षा कमी दाबउंची वाया जाते.

नळाला थेट पाइप जोडण्याचा मोह टाळा. इमारतीत खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की तुमची धार तोकडी पडते, आणि तो फरक तुम्ही कोनाच्या खात्यावर लिहून बसता.

## टप्पा २: कोनाची फळी

सगळ्या मांडणीत सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका.

१. फळीवर कोनमापक असा चिकटवा की त्याचा मध्यबिंदू फळीच्या पुढच्या कडेशी येईल. सिरिंज मागे आणि खाली वळते, म्हणून अंशांच्या खुणाही मध्यबिंदूच्या मागे-खाली लागतात.

२. सिरिंजच्या चोचीचे टोक बरोबर त्या मध्यबिंदूवर आले पाहिजे. बहुतेक जण सिरिंजचे मधले अंग बिंदूवर ठेवतात आणि तिथून ती फिरवतात. समजा फिरण्याचा बिंदू टोकाच्या १० सेंमी मागे आहे. मग ७५ अंशांना टोक जवळजवळ १० सेंमी वर जाते. म्हणजे दाबउंची तेवढी घटते, वेग घटतो, आणि कोन बदलताना वेग कायम ठेवण्याची आपली मूळ अटच मोडते.

३. १५, ३०, ४५, ६० आणि ७५ अंशांच्या रेषा काढा. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा असा ठोका की सिरिंजचे नळकांडे मधोमध घट्ट बसेल.

४. सिरिंजचे मागचे, रुंद टोक पाइपमध्ये बसवायचे आहे. मागचे कान कापा, पाइपचे तोंड गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करा आणि सिरिंज आत सरकवा. सैल वाटली तर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे द्या. जोड एकदा बसवून पाहा आणि काढून ठेवा. हवा काढेपर्यंत तोटी लावायची नाही.

५. फळी चौरंगावर किंवा विटांवर उभी करा आणि टोक जमिनीपासून सुमारे २५ सेंमी वर ठेवा. ७५ अंशांना पाइप खालून येतो, त्याला वळायला एवढी जागा लागतेच.

तपासा: ओळंबा मध्यबिंदूवरून सोडा. दोरा कोनमापकाच्या ९० अंशांच्या रेषेवर तंतोतंत बसला पाहिजे. फळी जराशी कलली तरी सगळे कोन तेवढ्याने चुकतात.

## टप्पा ३: बादली आणि पातळी

बादली टेबलावर ठेवा. तिचे वजन १५ किलोंच्या पुढे जाते, म्हणून प्लॅस्टिकचे स्टूल किंवा गच्चीचा कठडा ही तिची जागा नव्हे. लहान मुले आसपास असतील तर टेबल भिंतीला टेकवा. पाणी सांडून फरशी निसरडी होते, त्यामुळे खाली गोणपाट अंथरा.

रेघेपर्यंत पाणी भरा. पाइप पूर्ण भरून घ्या, एक टोक बादलीत तळापर्यंत सोडा आणि दुसरे अंगठ्याने बंद ठेवा. आता गवंडी लेव्हल ट्यूब वापरतात तसा हा पाइप वापरायचा आहे.

१. पाइपचे मोकळे टोक फळीजवळ उभ्या केलेल्या काठीशी, बादलीच्या काठाहूनही उंच धरा आणि अंगठा काढा. पाइपातले पाणी बादलीतल्या पातळीला येऊन थांबते. काठीवर तिथे खूण करा.

२. दुसरी काठी धार जाणार त्या दिशेला दीड मीटरवर उभी करा आणि पाइपने तिच्यावरही तीच पातळी उतरवा.

३. दोन्ही खुणांपासून सरळ खाली ८० सेंमी मोजा. पहिल्या काठीवरची नवी खूण म्हणजे तोटीच्या टोकाची उंची. चोच त्या खुणेला येईपर्यंत फळीखाली चकत्या सारा. दुसऱ्या काठीवरची खूण म्हणजे लाइनदोरीची उंची.

जमिनीपासून मोजले तर काय बिघडते, असे वाटेल. गच्ची, न्हाणीघर आणि अंगण यांना पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम ढाळ दिलेला असतो. दीड मीटरमध्ये एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि त्याची किंमत टप्पा ७ मध्ये दिसेल.

सावध: ही पातळी तोटी लावण्याआधीच घ्या. २ मिमीच्या छिद्राशी पृष्ठताण पाणी अडवून धरतो आणि पातळी दीड सेंटिमीटरपर्यंत चुकू शकते. मोकळ्या जाड पाइपात ही अडचण येत नाही.

## टप्पा ४: हवा काढणे

पाइपचे टोक टबात धरून पाच-सहा सेकंद पाणी पूर्ण मोकळे वाहू द्या. त्यापेक्षा जास्त नको, कारण मोकळ्या पाइपातून बादली बघता बघता रिकामी होते. पाइप बादलीच्या काठावरून जिथे वळतो, तिथे नखाने टिचक्या मारा. हवेचे बुडबुडे नेमके त्या उंचवट्यावर दडून बसतात. क्लिप लावा, तोटी बसवा आणि बादली पुन्हा रेघेपर्यंत भरा.

तपासा: धार काचेच्या कांडीसारखी, न थरथरता निघाली पाहिजे. तोटीजवळच ती फुसफुसत किंवा उचक्या देत असेल तर आत हवा आहे. टोकापासून काही अंतरावर धार तुटून थेंब होणे मात्र साहजिक आहे, त्याने प्रयोग बिघडत नाही.

## टप्पा ५: मापनदोरी

लाइनदोरीवर दर १० सेंमीला मार्करने खूण करा. तिची शून्याची खूण तोटीच्या टोकाशी आणा आणि दोन्ही काठ्यांवरच्या खुणांच्या उंचीला दोरी ताणून बांधा. दोरी धारेच्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरून जावी. धार दोरीवर आदळली तर पाणी दोरीवरून ओघळते आणि वाचन करता येत नाही.

खाली उतरणारी धार दोरीच्या पातळीला जिथे येते, तिथे गुण्या धरून दोरीवर वाचन घ्या. नजर दोरीशी काटकोनात ठेवा. तिरके पाहिले तर २-३ सेंमीची चूक सहज होते. थेंब पसरले असतील तर घोळक्याचा मध्य धरा, सर्वात लांबचा थेंब नव्हे.

धार टबात पडते, तेच पाणी मगाने बादलीत परत घाला. संपूर्ण प्रयोग एका बादलीत होतो.

खोलीत करत असाल तर पंखा बंद ठेवा. थेंब हलके असतात, त्यांना पंख्याचा वारा पुरतो.

## टप्पा ६: आधी फक्त वेग बदला

कोन ४५ अंशांवर पक्का करा आणि तो हलवू नका.

१. दाबउंची ८० सेंमी. क्लिप काढा, तीन सेकंद थांबा, पल्ला वाचा, क्लिप लावा.

२. बादली रेघेपर्यंत भरून पुन्हा वाचा. अशी तीन वाचने घ्या.

३. बादली खाली आणत दाबउंची ६०, ४० आणि २० सेंमी करा. स्टूल, पाट आणि विटा यांची चळत लावून हवी ती उंची जमते. तोटी आणि दोरी जागची हलवायची नाही, हलवायची ती बादली. दर वेळी पातळी काठीवरून नव्याने मोजा.

आदर्श स्थितीत बाहेर पडणारा वेग = √(२ × गुरुत्व त्वरण × दाबउंची) असतो. म्हणजे दाबउंची चौपट केली की वेग दुप्पट होतो. ४५ अंशांचा आदर्श पल्ला दाबउंचीच्या बरोबर दुप्पट, म्हणजे ८० सेंमीला १६० सेंमी. प्रत्यक्षात चोचीच्या आतल्या धारदार कडेशी ऊर्जा वाया जाते आणि पल्ला बराच कमी येतो. पुढच्या सगळ्या गणितासाठी तो १२० सेंमी धरू. तुमचा आकडा वेगळा येईल, त्यात काही बिघडले नाही.

१२० सेंमी पल्ला म्हणजे वेग = √(९.८ × १.२) = सुमारे ३.४३ मीटर प्रति सेकंद.

दाबउंची ८०, ६०, ४०, २० सेंमी असता पल्ले अनुक्रमे १२०, ९०, ६०, ३० सेंमीच्या आसपास यायला हवेत. सर्वात कमी दाबउंचीला पल्ला अपेक्षेपेक्षा थोडा तोकडा येतो, कारण मंद प्रवाहात चोचीतल्या घर्षणाचा वाटा वाढतो. ८० ची २० शी तुलना करा: वेग दुप्पट आहे, पण पल्ला चौपट. कारण दुप्पट वेगाचा थेंब हवेत दुप्पट वेळ राहतो आणि त्या वेळात दुप्पट वेगाने पुढे सरकतो. कमाल उंचीही चौपट होते. उड्डाणकाल, म्हणजे थेंब हवेत राहतो तो वेळ, मात्र फक्त दुप्पट.

नेहमीची चूक: पल्ल्याचा आलेख वेगाशी काढून ‘रेषा वाकडी आली’ म्हणून वाचने बदलणे. ती वाकडीच यायला हवी. सरळ रेषा हवी असेल तर पल्ला दाबउंचीशी मांडा. ती रेषा शून्यातून न जाता बाजूने गेली, तर दाबउंची मोजण्यात ठराविक चूक आहे. बहुधा पृष्ठभागाऐवजी बादलीच्या तळापासून किंवा काठापासून मोजले असेल.

## टप्पा ७: आता फक्त कोन बदला

दाबउंची पुन्हा ८० सेंमी करा. कोन या क्रमाने घ्या: ४५, १५, ७५, ३०, ६०, ४५.

१५ पासून ७५ पर्यंत ओळीने जाऊ नका. तसे केले तर वाटेत पातळी हळूहळू घसरली तरी कळत नाही, आणि ती घसरण कोनाचा परिणाम म्हणून वहीत उतरते. शेवटी परत ४५ घेण्याचे कारणही तेच. पहिल्या आणि शेवटच्या ४५ मध्ये २ सेंमीहून जास्त फरक आला तर मधली सगळी वाचने पुन्हा घ्या.

वेग ३.४३ मीटर प्रति सेकंद असता पुढील आकडे यायला हवेत:

- १५ अंश: पल्ला ६० सेंमी, कमाल उंची ४ सेंमी, उड्डाणकाल ०.१८ सेकंद
- ३० अंश: पल्ला १०४ सेंमी, कमाल उंची १५ सेंमी, उड्डाणकाल ०.३५ सेकंद
- ४५ अंश: पल्ला १२० सेंमी, कमाल उंची ३० सेंमी, उड्डाणकाल ०.४९ सेकंद
- ६० अंश: पल्ला १०४ सेंमी, कमाल उंची ४५ सेंमी, उड्डाणकाल ०.६१ सेकंद
- ७५ अंश: पल्ला ६० सेंमी, कमाल उंची ५६ सेंमी, उड्डाणकाल ०.६८ सेकंद

१५ आणि ७५ च्या धारा लागोपाठ सोडून पाहा. एक जवळजवळ दोरीला चिकटून जाते, दुसरी अर्ध्या मीटरहून उंच चढते, आणि दोघी उतरतात एकाच खुणेवर. आडवा वेग कमी झाला की हवेत राहण्याचा वेळ वाढून त्याची भरपाई होते. दोन कोनांची बेरीज ९० असली की ही भरपाई तंतोतंत जमते.

या जोडीचा उपयोग मांडणी तपासायलाही होतो. समजा दोरी टोकापेक्षा २ सेंमी खाली बांधली गेली. मग ७५ अंशांचा पल्ला ६० चा साडेसाठ होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १५ अंशांची धार फार सपाट उतरते. तिचा पल्ला ६० वरून जवळजवळ ६७ सेंमीवर जातो. म्हणून १५ चा पल्ला ७५ पेक्षा जास्त आला, तर दोरी खाली आहे. कमी आला, तर दोरी वर आहे. आधी दोरी दुरुस्त करा, मग पुढे जा.

### कमाल पल्ल्याचा कोन कसा शोधावा

इथे हमखास चुकीचा रस्ता धरला जातो. ४३, ४४, ४५, ४६, ४७ अशी वाचने घेऊन ‘सर्वात मोठे कोणते’ ते पाहिले जाते. १२० सेंमीच्या धारेत या पाचही कोनांच्या पल्ल्यांत जास्तीत जास्त ३ मिमीचा फरक असतो. थेंबांचा पसारा त्याहून मोठा असतो. ही वाचने कितीही घेतली तरी उत्तर मिळणार नाही.

त्याऐवजी शिखराच्या दोन्ही उतारांवर वाचने घ्या. ३० आणि ६० चे पल्ले सारखे आले, १५ आणि ७५ चे सारखे आले, की शिखर बरोबर मध्ये, म्हणजे ४५ वर आहे हे ठामपणे म्हणता येते.

याचीच दुसरी बाजू अशी, की १५ अंशांना कोन १ अंशाने चुकला तर पल्ला साडेतीन सेंटिमीटरने बदलतो. ४५ ला तीच चूक एक मिलिमीटरही दाखवत नाही. म्हणून वेग काढायचा असेल तर ४५ चे वाचन वापरा, आणि फळीवरचा कोनमापक पारखायचा असेल तर १५ चे.

## टप्पा ८: मार्गाचा फोटो

धार स्थिर असते, त्यामुळे व्हिडिओची गरज नाही, एक फोटो पुरतो. धारेमागे चौकटीचा कागद किंवा गडद कापड लावा. मोबाइल तीन मीटर दूर, धारेच्या मध्याला, दोरीहून थोडा वर आणि धारेशी काटकोनात धरा. जवळून काढलेल्या फोटोत कडेचे भाग ताणले जातात आणि वक्र उगाच असमान दिसतो.

४५ अंशांसाठी टोकापासूनच्या आडव्या अंतराला धारेची उंची अशी हवी: २० सेंमीला १६.७, ४० ला २६.७, ६० ला ३०, ८० ला पुन्हा २६.७, १०० ला १६.७, १२० ला शून्य. आता तोटीच्या दिशेने एक सरळ तिरकी रेषा काढा आणि धार तिच्याखाली किती उतरली ते मोजा: ३.३, १३.३, ३० सेंमी. हे आकडे १ : ४ : ९ या प्रमाणात आहेत. आडवे अंतर सम गतीने वाढते आणि खाली पडणे वेळेच्या वर्गाने वाढते, हे एका फोटोत सिद्ध होते.

## टप्पा ९: गणित

पल्ला = वेग² × साइन(२ × कोन) ÷ ९.८

महाराष्ट्रात गुरुत्व त्वरण ९.७९ च्या जवळपास आहे. ९.८ घेतल्याने पडणारा फरक या मांडणीत दिसत नाही.

चुका ठरलेल्या आहेत:

- साइन(२ × कोन) ऐवजी २ × साइन(कोन). ४५ अंशांना उत्तर १ ऐवजी १.४१ येते. साइनचे मूल्य १ च्या वर गेले की थांबा.
- कॅल्क्युलेटर रेडियनवर राहणे. १५ अंशांसाठी साइन(३०) चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९९ येते. उणे पल्ला दिसला की पहिली शंका हीच. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये साइन मुळातच रेडियन मागते, तिथे अंशांचे रूपांतर करूनच आकडा द्या.
- पल्ला सेंटिमीटरमध्ये आणि त्वरण मीटरमध्ये. वेग दहापट येतो.

आलेख कोन आणि पल्ला यांचा काढाच, पण त्याच्या जोडीला पल्ला आणि साइन(२ × कोन) यांचाही काढा. तो शून्यातून जाणारी सरळ रेषा यावा. तिचा चढ म्हणजे वेग² ÷ ९.८. पाचही वाचनांतून एकच वेग मिळतो, आणि एखादे वाचन बिघडले असेल तर ते रेषेबाहेर पडलेले लगेच दिसते.

## टप्पा १०: पातळी मुद्दाम बदला

‘४५ अंश सर्वोत्तम’ हे फक्त सारख्या पातळीसाठी खरे आहे. ते पटवायला हाच टप्पा लागतो आणि बहुतेक मांडण्यांत नेमका हाच गाळला जातो.

फळी चौरंगासकट टेबलावर ठेवा, म्हणजे टोक जमिनीपासून १ मीटरवर येईल. बादली जिन्यावर इतक्या पायऱ्या वर न्या की दाबउंची पुन्हा बरोबर ८० सेंमी होईल. वेग बदलू द्यायचा नाही. आता पल्ला दोरीवर नव्हे, जमिनीवर मोजा. टोकाखालचा शून्यबिंदू ओळंब्याने काढा. टेबलाच्या कडेपासून मोजू नका.

त्याच ३.४३ मीटर प्रति सेकंद वेगाला जमिनीवरचे पल्ले असे येतात:

- ० अंश: १५५ सेंमी
- १५ अंश: १८३ सेंमी
- ३० अंश: १९६ सेंमी
- ४५ अंश: १८५ सेंमी
- ६० अंश: १४५ सेंमी

शिखर ४५ वरून सरकून साडेएकतीस अंशांवर आले. ६० अंशांची धार तर चक्क आडव्या धारेपेक्षाही १० सेंमी अलीकडे पडते. खाली पडायला मिळणारा वेळ उंचीमुळे आयताच मिळतो, तेव्हा वेगाचा मोठा वाटा वर चढण्यात घालवणे परवडत नाही.

सर्वोत्तम कोन काढायचा तर: टॅन(कोन) = वेग ÷ √(वेग² + २ × ९.८ × उंची). वेग वाढत गेला की उंचीचे महत्त्व घटते आणि कोन पुन्हा ४५ कडे सरकतो. गोळाफेकीत गोळा साधारण २ मीटर उंचीवरून सुटतो. वेग १३ मीटर प्रति सेकंद धरला तर हा कोन ४२ अंश येतो. खेळाडू प्रत्यक्षात त्याहूनही कमी कोनात फेकतात, कारण माणसाच्या हाताला उभ्या कोनात तेवढा वेग देता येत नाही. आपली बादली कोन पाहून वेग कमी करत नाही, हात करतो.

## आकडे जुळले नाहीत तर

- सगळेच पल्ले कमी, पण प्रमाण बरोबर: चोचीतली ऊर्जाहानी. प्रयोग ठीक आहे.
- १५ आणि ७५ जुळत नाहीत, ३० आणि ६० मध्ये कमी फरक: दोरीची पातळी चुकली.
- मोठ्या कोनांचे पल्ले आणि उंच्या दोन्ही कमी: टोक मध्यबिंदूवर नाही, कोनाबरोबर वर जाते आहे. किंवा ७५ अंशांना पाइप दुमडतो आहे.
- पहिले आणि शेवटचे ४५ वेगळे: बादली रेघेपर्यंत भरली नाही, किंवा हवा अडकली.
- एकाच कोनाचे वाचन आलेखाच्या रेषेबाहेर: फळीवर त्या कोनाचे खिळे पाहा. सिरिंज सैल बसली असेल.
- धार डावी-उजवीकडे वळते: चोचीत प्लॅस्टिकचा धागा किंवा कचरा आहे. सुईने टोकरू नका, छिद्र वेडेवाकडे होते. तोटी काढा आणि मागून पाणी सोडून धुवा.